पाय हालले तेव्हा

लोकांना माझ्याविषयी एकच गोष्ट जाणून घ्यायची असते आणि ती विचारायची त्यांची छाती होत नाही. मग ते भलतंच विचारतात. पाऊसपाणी, तळ्यातली मासोळी, भावाच्या पोरीचं लग्न. बोलता बोलता नजर खाटेच्या कडेला जाते, तिथे टांगलेल्या प्लास्टिकच्या थैलीवर टेकते आणि चटका बसल्यासारखी परत येते. क्वचित एखादा धीट निघतो. 'भाऊ, मंग तुमाले कळते का, का आपोआपच येते?' मी सांगतो, आपोआप येते, तुमचं बोलणं येते तसंच. तो हसतो, चहा पितो आणि बाहेर जाऊन सांगतो की पडल्यापासून याचं डोकं फिरलं आहे.

आठ वर्षांपूर्वी घराचे कवेलू फेरताना मी छपरावरून पडलो. आमच्याकडे दरवर्षी पावसाळ्याआधी हे काम असतं. फुटके कवेलू काढायचे, धड बसवायचे, माकडांना शिव्या द्यायच्या. एक वासा कुजका आहे हे मला पक्कं माहीत होतं. पण खाली उभा असलेला माझा मोठा भाऊ म्हणाला, जपून. मला कोणी जपून म्हटलं की माझ्या अंगात येतं. मी त्याच वाशावर पाय दिला.

मणका तुटला. बेंबीखालचं अंग तेव्हापासून माझं असून माझं नाही. नागपूरला दोन महिने काढले आणि दोन वस्तू घेऊन गावी आलो. एक चाकाची खुर्ची, जी आमच्या उंबऱ्यावरून जात नाही, आणि एक नळी. मणक्याला मार लागला की पाय जातात हे शेंबड्या पोरालाही कळतं. लघवीही जाते हे मोठमोठ्यांना सुचत नाही. लघवीची पिशवी आत भरत राहते, पण भरल्याचा निरोप वर पोचत नाही आणि सोडण्याचा हुकूम खाली पोचत नाही. म्हणून नळी. तिचं एक टोक आत, ते निसटू नये म्हणून तिथे पाण्याने फुगवलेला बारकासा फुगा, आणि दुसरं टोक बाहेरच्या थैलीत. महिन्याला नळी बदलायची, भरपूर पाणी प्यायचं, हात धुतल्याशिवाय नळीला बोट लावायचं नाही आणि थैली कायम कमरेच्या खाली ठेवायची. एवढंच शास्त्र आहे. हे लक्षात ठेवायला माझ्यासारखं चिमूरच्या कॉलेजातून बी.ए. व्हावं लागत नाही.

पण नळी म्हणजे जंतूंना उघडं फाटक. वर्षातून तीन-चारदा ताप यायचा. ताप आला की गावातले डॉक्टर यायचे. त्यांना डॉक्टर म्हणायचं कारण त्यांच्याजवळ बॅग आहे. कधीकाळी कुण्या दवाखान्यात त्यांनी पट्ट्या बांधल्या होत्या, तेवढ्या पुण्याईवर आमची पाच गावं ते सांभाळतात. ताप असो, जुलाब असो की सासूशी भांडण, त्यांची एक सुई आणि दोन दिवसांच्या गोळ्या ठरलेल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की उरलेल्या गोळ्या बंद. 'बरा झाला ना आता? मंग काऊन खातं?' असं ते विचारत आणि मला ते पटायचं. त्यांना हसायचा मला काय अधिकार आहे? मी बी.ए. होतो आणि गोळ्या मीच थांबवत होतो.

तर लग्न. भावाची पोरगी, माझी लाडकी. तिने अंगणात पहिलं पाऊल टाकलं ते माझं बोट धरून. आमचं घर मासोळीवर चालतं. भाऊ तळ्यावर जातो, मी खाटेवर बसून जाळी विणतो आणि माय घर आणि मला, दोघांनाही सांभाळते. घरातलं हे पहिलंच लग्न. मांडव पडला, देवक बसलं, आणि नवरीचा काका मांडवात बसणार तर त्याच्या थैलीचं काय, या विषयावर भावकीची बैठक भरली. मला बाजूला ठेवून नव्हे, माझ्यासमोर. मी नसल्यासारखे ते माझ्या लघवीवर अर्धा तास बोलले.

भावकीतले एक म्हातारे या बाबतीत फार जाणते. म्हणाले, 'देवक बसलं तिथं मुताची थैली लोंबकळत ठेवसान, तं बाटते ना गा सारं.' हेच म्हातारे हळदीच्या दिवशी मोहाची घेऊन त्याच देवकापुढे आडवे झाले होते. त्याने काही बाटलं नाही. मी तसं बोलून दाखवलं. बैठकीत हशा झाला आणि विषय जिथे होता तिथेच राहिला.

तोड काढली वहिनीने. ती शिवणकाम करते. नवरीच्या पोलक्याचं उरलेलं कापड होतं, जरीच्या काठाचं. त्याची तिने सुरेख खोळ शिवली, तोंडाला नाडी लावली आणि थैली आत घातली. आता ती खाली टांगली तर काठ मातीत मळेल. म्हणून ती माझ्या बाजूला गादीवर ठेवली, लोडाला टेकवून, माझ्या कोपराशी. पाहणाऱ्याला वाटावं, काकाने आहेराची पिशवी जवळ घेतली आहे.

तळ्याच्या काठी जन्मलेली ही माणसं. पाळ कुठे उंच करायची, पाणी कुठून सोडायचं, धानाच्या कुठल्या बांधीत आधी जाईल आणि कुठल्या बांधीत मागून, हे यांना झोपेतही सांगता येतं. पाण्याच्या वाटणीवरून यांनी एकमेकांची डोकी फोडली आहेत. पाणी उंचावरून खाली येतं हे जगात कोणाला कळत असेल तर यांना. आणि यांच्यापैकी एकालाही कळलं नाही की थैली वर ठेवली तर ते परत आत जाणार. मीही यांच्यातलाच. मला तर नागपूरला हात जोडून सांगितलं होतं. पण नवरी हळदीच्या अंगाने येऊन म्हणाली, 'काका, किती मस्त दिसते ना खोळ!' आणि मी मान डोलावली.

त्यावर कळस म्हणजे मी पाणी पिणं सोडलं. वैशाखातलं ऊन, मांडवाच्या हिरव्या कापडाखाली माणसं भाजून निघत होती आणि मी सकाळपासून एक घोट घेतला नाही. खोळ फुगू नये, वऱ्हाडासमोर कोणाला ती उचलून मोरीकडे न्यावी लागू नये, एवढाच हिशेब. दिवसभर असा तहानलेला बसलो. अक्षता पडल्या, पोरगी माझ्या पाया पडली, मला रडू आलं. डोळ्यांत पाणी कुठून आलं कोण जाणे. बाकी सगळीकडे कोरड होती.

खोळ त्या दिवशी सुटली नाही आणि पुढेही नाही. माय थैली रिकामी करायची ती रात्री अंधारात, खालच्या तोटीतून, खोळ जरा वर सारून. आत काय आहे ते कोणी बघितलं नाही. जरीचा काठ सगळ्यांना आवडला होता.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना मासोळीचं जेवण होतं. मी खाटेवर बसून काटे काढत होतो आणि माझा उजवा पाय उडाला. आधीही कधीमधी उडायचा, थोडासा. हा मात्र गुडघ्यात वाकून झटकन सरळ झाला आणि ताटाला लागला. रस्सा सांडला. मग डावा उडाला. मग दोन्ही. पंगतीतून मायची किंकाळी आली, 'हालले! पाय हालले!'

पुढचे दोन दिवस आमच्या घराचं देऊळ झालं. पाहुणे जायचे थांबले. शेजारच्या गावाहून माणसं आली, सायकलींवर, मोटरसायकलींवर. पोटऱ्यांना हात लावून पाहिलं. कोणी नारळ फोडला. कोणी मोबाईलवर माझ्या पायांचा व्हिडिओ काढला, खाली गाणं घातलं आणि तो चंद्रपूरपर्यंत पोचला. खाटेभोवती उभे राहून लोक मला शिकवू लागले. 'भाऊ, जोर लावा.' 'मनात धरा, उठतो म्हणून.' 'अजून एक डाव, भाऊ!' आठ वर्षं ज्यांनी उंबरा ओलांडला नव्हता, तेही आले आणि आम्ही नेहमीच तुमच्यासाठी मागणं मागत होतो असं सांगून गेले.

हाडवैद्य तर सगळ्यांच्या आधी हजर. पहिल्या वर्षी त्याने माझ्या पायांना कसलंसं तेल चोळलं होतं, आणि चोळताना माझ्या टाचेला जखम केली होती, जी मला कळली नाही आणि भरायला चार महिने लागले. तो आता मधोमध खुर्ची टाकून बसला. 'मी सांगतलो होतो का नाई? मायी मालिश फुकट नाई जात. नसा सुटाले टाइम लागते.' आठ वर्षांचा टाइम. कोंबडी घेतल्याशिवाय तो गेला नाही.

हे सगळं लिहिताना मला त्या माणसांची कीव येत नाही, रागच येतो. पण खरा राग ज्याचा यावा तो खाटेवर होता. नागपूरच्या सिस्टरने मला निघताना बजावलं होतं, 'पाय एकाएकी जास्त उडायला लागले तर हुरळून जाऊ नका. आधी लघवी बघा. तुम्हाला जळजळ कळणार नाही, ओटीपोट दुखलेलं कळणार नाही. आत काही बिघडलं की तुमचे पायच ओरडतील.' हे शब्द मला पाठ होते. पाय उडाला त्याच क्षणी ते आठवले. आणि मी ते मुद्दाम बाजूला सारले. मी जोर लावला. लोक म्हणाले तसं मनात धरलं. पाय त्यांच्या मर्जीने उडत होते आणि मी प्रत्येक वेळी मानत होतो की हा आत्ताचा मी उडवला. दोन दिवस मी जगातला सर्वांत मूर्ख माणूस होतो आणि इतका सुखी मी त्या आठ वर्षांत कधी नव्हतो.

मायने देवीला नवस बोलला. तिने माझ्या पायांना हळद लावली. ती रात्रंदिवस खाटेच्या पायथ्याशी बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला हुडहुडी भरली. वैशाखात दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते. ओकाऱ्या झाल्या. गावातले डॉक्टर आले, सुई भरू लागले. तेव्हा मात्र मी ओरडलो की आधी ती खोळ काढा. नाडी सुटेना, वहिनीने कात्रीने कापली. आत भाताच्या पेजेसारखं गढूळ होतं, तळाशी गाळ बसलेला, आणि जो वास सुटला त्याने खाटेभोवतीची गर्दी बघता बघता पांगली. जोर लावा म्हणणारा एकही थांबला नाही.

भावाने मासोळीची गाडी बोलावली. मागे बर्फाच्या पेट्यांमध्ये मला आडवं केलं आणि चंद्रपूर गाठेपर्यंत भाऊ पेटीतला बर्फ फडक्यात बांधून माझ्या कपाळावर ठेवत होता. मोठ्या दवाखान्यात मला आत घेतलं तेव्हा माझ्या अंगाला काय काय वास येत होता हे सांगण्यात अर्थ नाही. डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि जिभेने तिखट. मला आवडल्या. जुनी नळी काढून नवी घातली, तपासायला नमुना घेतला, सलाईन लावलं आणि मग भावाला विचारलं, 'थैली कुठे ठेवली होती?'

'गादीवर, मॅडम. लग्न होतं ना.'

'लग्न कोणाचं होतं, थैलीचं?'

 मला तापात हसू आलं.

चार दिवसांनी नमुन्याचा अहवाल आला तेव्हा त्या खुर्ची ओढून बसल्या आणि हळू बोलल्या. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले होते. दरवेळी अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्यांनी ते जंतू निर्ढावले होते, साध्या औषधांना आता दाद देत नव्हते. 'पोटात घ्यायचं एकच औषध उरलंय, ज्याने हे मरतात. या लाल कॅप्सूल. सकाळ-संध्याकाळ, शेवटच्या कॅप्सूलपर्यंत. एकही चुकली आणि हे यालाही सरावले, तर पुढच्या वेळी माझ्याजवळ द्यायला काही नसेल. पाय गेल्याने माणूस मरत नाही. मूत्रपिंड गेल्याने मरतो.' भावाने दोनदा मान हलवली. माय दाराशी उभी होती. तिने मान हलवली नाही.

घरी आलो. ताप नव्हता. थैलीत स्वच्छ पाणी उतरत होतं, आणि पाय गप्प होते. दोन लाकडं ठेवावीत तसे पडून होते. लोक आले, पाहून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर अशी नाराजी की मीच त्यांना फसवलं होतं. हाडवैद्याने पारावर बसून निकाल दिला, 'चांगले हालून राह्यले होते. चंद्रपूरवाल्यानं सुया टोचून मारले.' दोन दिवसांत साऱ्या गावाचं तेच मत झालं. बरं केलं ते दवाखान्याने नव्हे, बिघडवलं ते दवाखान्याने. मी वाद घातला नाही. ज्यांना पाण्याचा उतार समजला नाही त्यांना मी जंतू काय समजावणार?

माझी औषधं माय देते. आठ वर्षं ती हातावर ठेवते ते मी गिळतो, बघत नाही. हातात जाळं असतं, नजर पुस्तकात असते. म्हणून मला समजलं नाही. चौथ्या दुपारी ती खाटेजवळ बसली होती. तंबाखूची डबी काढायला तिने पदराची गाठ सोडली आणि डबीबरोबर काहीतरी शेणसारवणावर सांडलं. पाच लाल कॅप्सूल. तिने त्यांवर पटकन पदर टाकला. मी पाहिलं हे तिला दिसलं, आणि मग तिने पदर उचलला.

मी तिला काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही. माझी जीभ कशी आहे हे एव्हाना कळलं असेल. आठ वर्षं जिने माझी नळी, माझी थैली, माझी घाण सांभाळली तिला मी म्हणालो की तू मला मारायला निघालीस. आवाज ऐकून भाऊ धावत आला. त्याने दवाखान्यात फोन लावला, स्पीकरवर. डॉक्टरीणबाई बोलायच्या तेवढं बोलल्या, मग म्हणाल्या, आत्ता एक द्या, यापुढे एकही चुकवू नका, आणि परवा तपासायला घेऊन या, औषध अजून चालतं का ते पाहू. फोन ठेवून भाऊ गाडी सांगायला गेला.

माय तशीच बसून होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, 'थोडासाक ताप राहू दे ना, बाबू. पाय तं हालते.'

मला तिच्यावर पुन्हा ओरडता आलं असतं. पण मला ते दोन दिवस आठवले, मी जोर लावत होतो ते. मी तिला म्हणालो, आणि आठ वर्षांत हे मी कोणालाच सरळ शब्दांत सांगितलं नव्हतं, 'माय, हे पाय आता नाई येत परत. तापानं हालते ते काही खरं नोहे.'

'मले का माहीत नाई?' ती म्हणाली. 'आठ वर्ष झाले, मीच तं धुतो हे पाय. मले नाई माहीत, तं कोणाले माहीत?'

'मंग काऊन लपवली औषध?'

ती कॅप्सूल एकेक करून वेचू लागली. पदराने पुसून तळहातावर ठेवू लागली.

'दोन दिवस हालले,' ती म्हणाली. 'पाहून घेतलो. वाटलं, अजून एक डाव पाहाव.'

 मी हात पुढे केला. तिने एक कॅप्सूल माझ्या हातावर ठेवली, तांब्या तोंडाशी धरला, आणि गिळण्याआधी मी पहिल्यांदाच हातावर काय आहे ते नीट बघितलं.